मंगळावर यान उतरवू पाहणाऱ्या भाचीला कानमंत्र

पोरी, तुमच्या चौघांच्या ग्रुपने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मंगळावर उतरणाऱ्या यानाचा आराखडा घेतलाय, हे तुझ्या आईकडून कळलं. ताई जरा काळजीत होती, मी मात्र खूश झालो. हा विषय आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. चांद्रयान-३ ला वर नेणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरचे भाग भीमेपलीकडे, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात घडले आणि त्याच रॉकेटची विकास इंजिनं मुंबईत विक्रोळीला. आपल्या नगर जिल्ह्याच्या पायाखाली जो काळा बेसॉल्ट पसरलाय, त्याच जातीचा खडक मंगळावरही जिकडेतिकडे आहे.

माझी नोकरी गाड्यांच्या चाचण्या घेण्यात गेली. यान मी कधी हाताळलेलं नाही. पण चांगलं बनवलेलं यंत्र नेमकं कशाने दगा देतं, हे शोधायचा नाद तेव्हापासून लागला आणि निवृत्तीनंतर या मोहिमांविषयी मिळेल ते वाचत आलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. यानं मोठ्या संकटाने क्वचित पडतात; ‘एवढं काय त्यात’ म्हणून कुणीतरी सोडून दिलेल्या बारीकशा गोष्टीने पडतात. म्हणून हे लिहून पाठवतोय. तुझ्या मित्रमैत्रिणींनाही वाचून दाखव.

१. सगळ्यात आधी एका वाक्यात लिहा, की यान उतरल्यावर काय करणार — ते वाक्य नसलं की जो तो आपलं लाडकं उपकरण आत घुसवतो आणि वजनाला कुणी वाली उरत नाही. चांद्रयान-३ ची उद्दिष्टं तीनच होती: अलगद उतरणं, रोव्हर चालवून दाखवणं आणि जागेवर प्रयोग करणं.

२. पृथ्वी-मंगळाचं कॅलेंडर भिंतीवर लावा — निघायला सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदाच येते. २०२६ ची अखेर, मग थेट २०२८ ची. चुकलं की दोन वर्षं हात चोळत बसायचं.

३. निघायच्या तारखेपासून मागे मोजत या, आजपासून पुढे मोजत जाऊ नका — पुढे मोजलं की चाचण्यांचे महिने शेवटी पडतात, आणि शेवटी पडलेलंच सगळ्यात आधी कापलं जातं.

४. वजन, वीज, इंधन आणि डेटा यांचा जमाखर्च पहिल्या आठवड्यापासून मांडा — नंतर मांडलेला हिशोब हा हिशोब नसतो, ती समजूत असते.

या चौथ्या कलमावर जरा थांब. हिवरे बाजारला पाण्याचं अंदाजपत्रक मांडतात, ते कधी नीट पाहिलंस का? पाऊस किती झाला ते मोजायचं, माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पिकं बदलतात, पिण्याच्या पाण्याला हात लागत नाही. तुमच्या यानाचंही तसंच मांडा. उतरण्याचं इंधन, यंत्रांना ऊब देणारी वीज आणि पृथ्वीशी बोलायची वेळ हे तुमचं पिण्याचं पाणी; कॅमेरे आणि प्रयोग ही पिकं. हिशोब सगळ्यांसमोर, एकाच तक्त्यावर असू दे. कुणी अर्धा किलो वाढवला, तर दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा किलो त्याच दिवशी कमी झाला पाहिजे.

५. सुरुवातीला वजनाचा पाचवा हिस्सा कुणालाच वाटून देऊ नका — कागदावरचं यान नेहमी हलकं असतं. वायरी, स्क्रू, गोंद आणि रंग यांनाही वजन असतं हे नंतर आठवतं.

६. एककं पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक आकड्यामागे ती लावा — सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यातच गेलं. एका गटाचं सॉफ्टवेअर पौंडांच्या हिशोबात आकडे देत होतं आणि दुसरा गट ते न्यूटनचे समजत होता. मापात भाऊबंदकी, यानाची राखरांगोळी.

७. ‘वर’, ‘खाली’, ‘पुढे’ हे शब्द बाणाच्या खुणेशिवाय वापरू नका — जेनेसिस यान सौर वाऱ्याचे कण गोळा करून २००४ मध्ये परत आलं आणि पॅराशूट न उघडताच युटाच्या वाळवंटात आपटलं. वेग कमी होतोय हे ओळखणारे स्विच आराखड्यातच उलटे दाखवलेले होते.

आता जागेचं बघू. पोरं इथेच सगळ्यात जास्त हरखतात.

८. फोटो सुंदर येईल म्हणून जागा निवडू नका — आधी उतार, मग दगड, मग ऊन आणि शेवटी शास्त्रज्ञांची हौस. जिथे उतरताच येत नाही तिथलं विज्ञान कुणाच्या हाती लागत नाही.

९. मंगळावर शक्यतो सखल भाग पाहा — तिथल्या हवेचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे; सखल जागी तिचा थर थोडा जाड मिळतो आणि पॅराशूटला वेग मारायला चार क्षण जास्त मिळतात.

१०. नकाशावर ठिपका देऊ नका, लंबवर्तुळ काढा — यान नेमकं कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही, फक्त कुठल्या टापूत पडेल ते सांगता येतं. १९७६ च्या व्हायकिंगसाठी हा टापू २८० किलोमीटर लांब आणि १०० रुंद होता, म्हणजे क्षेत्रफळाने आपल्या अख्ख्या जिल्ह्याहून मोठा, आणि महाराष्ट्रात आपलाच जिल्हा सगळ्यात मोठा. २०२१ च्या पर्सिव्हरन्सला तो जेमतेम ७.७ गुणिले ६.६ किलोमीटरवर आणता आला, आणि त्यातली धोक्याची जागा टाळायला ते यान उतरता उतरता खालचा फोटो काढून पोटातल्या नकाशाशी ताडून पाहत होतं.

११. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला एकदा सकाळी लवकर जा आणि त्याच ठिकाणाहून भर दुपारीही फोटो काढा, पावसाळा सोडून — कलत्या उन्हात सावल्या लांब पडतात आणि खड्डा ओळखू येतो. डोक्यावरच्या उन्हात तोच खड्डा सपाट वाटतो. तुमच्या यानाचा कॅमेरा याच दोन फोटोंत गोंधळणार आहे.

१२. जागा उशिरा बदलली, तर सगळी उजळणी पहिल्यापासून — हे पुढे उंचीच्या गोष्टीत पुन्हा येईल.

आता चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ नीट समजून घे. मंगळाचं यान आखताना घरातला याहून चांगला धडा नाही.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रम लँडर चंद्रावर आदळलं. इस्रोने नंतर जी कारणं सांगितली, त्यात एकही अक्राळविक्राळ नव्हतं. पाच इंजिनांनी मिळून अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला. मधल्या टप्प्यात फोटो काढण्यासाठी यानाला स्थिर राहायचं होतं, त्यामुळे ती तफावत साचत गेली. मग ती भरून काढायला यानाला झटकन वळायचं होतं, पण वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. आणि उतरायची जागा होती फक्त ५०० मीटर गुणिले ५०० मीटर. एकेक गोष्ट वेगळी धरली तर सहज निभावली असती. चारही एकाच वेळी आल्या.

पुढच्या वेळी त्यांनी काय केलं ते बघ. जागा वाढवून ४ किलोमीटर गुणिले २.४ किलोमीटर केली. मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं. इंधन वाढवलं. लेझरने वेग मोजणारं नवं उपकरण बसवलं. पाय असे मजबूत केले, की सेकंदाला ३ मीटरच्या वेगाने टेकलं तरी मोडू नयेत. सौर पट्ट्या वाढवल्या, म्हणजे यान कुठल्याही बाजूला तोंड करून उतरलं तरी वीज मिळावी. तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी सांगितलं होतं, की या वेळी काय काय बिघडू शकतं तिथून सुरुवात करून आराखडा केलाय. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरलं. मला त्या यादीतलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं ते मोठ्या जागेचं. नेम सुधारायच्या मागे न लागता त्यांनी चुकायला जागा ठेवली.

१३. म्हणून आराखडा झाला, की एक पूर्ण शनिवार फक्त ‘हे कसं फसेल’ यावर घालवा — आणि त्या दिवशी ‘असं होणार नाही’ हे वाक्य कुणी बोलायचं नाही. न विचारलेला प्रश्न यानात बसून मंगळापर्यंत जातो.

१४. एकामागून एक येणाऱ्या अडचणी वेगळ्या लिहा आणि एकदम येणाऱ्या वेगळ्या — पहिल्यांना उपाय लागतो, दुसऱ्यांना ढील लागते.

१५. उंची कधी एकाच्याच सांगण्यावरून मानू नका — युरोपचं स्कियापारेली ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरत असताना त्याचं फिरणं मोजणारं उपकरण जेमतेम सेकंदभर आपल्या मर्यादेला टेकलं. तेवढ्याने संगणकाने हिशोब केला, की आपण जमिनीच्याही खाली आहोत, आणि पॅराशूट सोडून दिलं. यान तेव्हा ३.७ किलोमीटर उंचीवर होतं.

१६. पण खऱ्या साक्षीदारालाही खोटं ठरवू नका — जपानच्या हाकुतो-आर यानाची चंद्रावर उतरायची जागा आराखडा पक्का झाल्यावर बदलली. एप्रिल २०२३ मध्ये ते उतरताना विवराच्या काठावरून पुढे गेलं, खालची जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटरने खोल गेली, आणि उंचीमापकाने ते बरोबर सांगितलं. सॉफ्टवेअरला वाटलं उंचीमापक बिघडला, म्हणून त्याने त्याचं ऐकणं बंद केलं. यान ५ किलोमीटर उंचीवर अधांतरी इंधन संपेपर्यंत थांबलं आणि मग पडलं.

ही दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाच. एकाने चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवला, दुसऱ्याने बरोबर आकड्यावर ठेवला नाही. दोन सेन्सर भांडले तर निकाल कसा लावायचा, हे कोड लिहायला बसण्याआधी चौघांनी मिळून मराठीत कागदावर लिहा. जे आपल्या भाषेत स्वच्छ सांगता येत नाही, ते कोडमध्येही धूसरच राहतं.

१७. ‘जमिनीला टेकलो’ हा निरोप फक्त जमिनीजवळच ऐका — डिसेंबर १९९९ मध्ये मार्स पोलर लँडर हरवलं. त्याचं सगळ्यात संभाव्य कारण असं, की पाय उघडताना बसलेला हिसका संगणकाला जमिनीचा स्पर्श वाटला आणि त्याने सुमारे ४० मीटरवर इंजिनं बंद केली.

१८. ‘सुरू’च्या हुकुमाइतकाच ‘बंद’चा हुकूम तपासा — ऑगस्ट २०२३ मध्ये रशियाच्या लुना-२५ चं इंजिन ८४ सेकंदांऐवजी १२७ सेकंद चाललं आणि यान चंद्रावर आदळलं.

१९. हाताने काढायच्या प्रत्येक वस्तूला लाल फीत बांधा, आणि उड्डाणाआधी त्या फिती मोजून डब्यात भरा — फेब्रुवारी २०२४ मध्ये चंद्रावर कललेल्या ओडिसियस यानाचा उंची मोजणारा लेझर चाललाच नाही, कारण त्याचा सुरक्षा स्विच पृथ्वीवरच हाताने बदलायचा राहून गेला होता. फीत दोन पैशांची, राखण कोटीची.

२०. चाचणीत एकदाच दिसलेला आणि पुन्हा न दिसलेला बिघाड लाल शाईने लिहा — पाथफाइंडर १९९७ मध्ये मंगळावर पोचल्यावर त्याचा संगणक अधूनमधून आपोआप नव्याने सुरू व्हायला लागला. तशी लक्षणं जमिनीवरही दिसून गेली होती. ते दुरुस्त करता आलं, कारण यान शाबूत उतरलं होतं आणि नवं सॉफ्टवेअर पाठवायची सोय ठेवलेली होती.

२१. सगळी उतरण एकदा तोंडाला कुलूप लावून करून बघा: यानाला हुकूम नाही, खूण नाही — मंगळापर्यंत निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उतरायला सात. तुम्हाला ‘आत शिरलो’ हे कळेल तेव्हा बहुतेक तिथे काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

चाचण्यांचं पुढे. इथे मामाचं ऐकायलाच हवं, कारण हे माझं घरचं काम.

२२. रोव्हरला सिमेंटच्या फरशीवर चालवून टाळ्या पिटू नका. खडी क्रशरवरून दोन ट्रॉली कच आणा आणि मागच्या अंगणात पसरा — आपली कच म्हणजे दळलेला बेसॉल्टच, सरावाला याहून सोपं आणि स्वस्त काही मिळणार नाही. मास्क लावल्याशिवाय तिच्यात कुणी उभं राहायचं नाही, ती धूळ फुप्फुसाला वाईट. इस्रोनेही सरावाची माती आपल्या देशातच शोधली होती: तमिळनाडूतल्या सेलम भागातला खडक दळून.

२३. कच एकदा सैल ठेवा, एकदा दाबून, एकदा उतारावर — नासाचं स्पिरिट २००९ मध्ये वरून घट्ट दिसणाऱ्या मऊ वाळूत रुतलं ते निघालंच नाही.

२४. चाक मोडेपर्यंत चालवा आणि मोडलेलं चाक टेबलावर ठेवा — क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना टोकदार खडकांनी पहिल्या दोन वर्षांतच भोकं पाडली, म्हणून पर्सिव्हरन्सची चाकं जाड आणि वेगळ्या नक्षीची केली. आपल्या नगरला व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांच्या चाचण्यांसाठी खास ट्रॅक आहेत ते याचसाठी. वाटेवर मोडण्यापेक्षा ट्रॅकवर मोडलेलं बरं.

२५. उघडणारी प्रत्येक गोष्ट अर्धवटच उघडली तर काय, हे विचारा — बीगल-२ डिसेंबर २००३ मध्ये मंगळावर उतरलं आणि गप्प राहिलं. २०१५ मध्ये वरून काढलेल्या फोटोंत ते सापडलं, चांगलं उतरलेलं, फक्त शेवटची पट्टी बहुधा उघडली नव्हती आणि अँटेना तिच्याखाली दबलेली होती. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते. बिचारं अकरा वर्षं तिथे होतं आणि त्याला हाक मारता येत नव्हती.

२६. जे झाकण उडून पडणार, ते कुठे पडणार हेही काढा — १९८२ मध्ये शुक्रावर व्हेनेरा-१४ च्या कॅमेऱ्याचं झाकण नेमकं तिथेच पडलं जिथे माती किती घट्ट आहे हे मोजणारा दांडा टेकायचा होता. दांड्याने इमानाने झाकण मोजलं.

२७. वीज पहिल्या दिवसाची धरू नका, धूळ बसलेल्या दिवसाची धरा — २०१८ च्या धुळीच्या वादळात ऑपॉर्च्युनिटी कायमचं झोपलं. पण ९० दिवसांसाठी पाठवलेलं ते रोव्हर चौदा वर्षं चाललं होतं, हेही विसरू नका.

थोडं तुमच्या चौघांबद्दल.

२८. ठरलेली प्रत्येक गोष्ट तारीख आणि कारणासकट वहीत उतरवा — तीन महिन्यांनी निर्णय आठवतो, कारण आठवत नाही, आणि मग चांगला निर्णय कुणीतरी उत्साहाने मोडतो.

२९. ग्रुपमध्ये जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला आधी विचारा — त्याच्या मनातली शंका बहुतेक वेळा बरोबर असते, फक्त तिला फट मिळालेली नसते.

३०. रात्री जागून वायरिंग करू नका — झोपेतले हात जोड नीट लावतात, पण चुकीच्या जागी.

३१. दुसरी तारीख आधीच ठरवून ठेवा — २३ ऑगस्टला सगळं मनासारखं नसेल तर २७ ला उतरू, असं इस्रोने आधीच सांगून ठेवलं होतं. माघारीची वाट ठाऊक असलेला माणूस घाबरून पुढे जात नाही.

उतरल्यावरचं थोडक्यात सांगतो.

३२. टेकल्यावर आधी यानाची तब्येत विचारा, मग फोटो मागा — प्रज्ञान रोव्हरलाही बाहेर यायला काही तास लागले.

३३. वाट नकाशाची असली तरी चाकासमोर दिसतं ते खरं — २७ ऑगस्टला प्रज्ञानसमोर ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचं विवर आलं, त्याला मागे फिरवून नवी वाट दिली.

३४. जोखमीचा प्रयोग शेवटी ठेवा, पण ठेवा — विक्रमने सगळी कामं उरकल्यावर ३ सप्टेंबरला इंजिनं पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटर उडी मारली. परत येणाऱ्या यानांसाठी ती पहिली पायरी.

३५. यान निर्जंतुक करण्याचा खर्च आणि वेळ जमाखर्चात आत्ताच धरा — आपले जंतू मंगळावर सोडले, तर पुढे तिथे जीव सापडला तरी तो तिथला की आपला हे कळणार नाही. व्हायकिंगची यानं त्यासाठी तापवून पाठवली होती.

३६. आणि अभ्यास खऱ्या आकड्यांवर करा — चांद्रयान-३ च्या उपकरणांचा डेटा इस्रोने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रदान पोर्टलवर सगळ्यांना खुला केलाय. तो उतरवून घे आणि रविवारी चौघंही घरी या. जेवण मामीकडे. येताना जमाखर्चाचा तक्ता आणा; वजनाचा रकाना आधी बघू.